मृगाच्या आत, गाडीखाली

नमस्कार श्रोतेहो.

अक्षय्य तृतीया झाली आणि पंधरा दिवसांत माझ्या गॅरेजवर तीन नवे ट्रक येऊन गेले. दुरुस्तीला नव्हे, दाखवायला. पुढे झेंडूची माळ, आरशाला काळे गोंडे, चाकाशी फोडलेल्या नारळाची शेंडी अजून बंपरमध्ये अडकलेली. मालक केबिन उघडून दाखवतो, सीट दाखवतो, फाळक्यावर रंगवलेला मोर दाखवतो. मी म्हणतो, छान आहे, आणि पुठ्ठा टाकून गाडीखाली सरकतो. मालकाचा चेहरा जरा पडतो. पण गेली बत्तीस वर्षं मी ट्रक खालूनच बघत आलोय. रस्त्यात भेटलेला माणूस मला ओळखू येत नाही, त्याच्या गाडीचा क्रॉस मेंबर, म्हणजे खालच्या सांगाड्यातली आडवी पट्टी, मात्र ओळखू येतो.

आज बोलायचंय ते या खालच्या बाजूबद्दल. नव्या गाडीच्या चासीला, म्हणजे सगळा भार पेलणाऱ्या लोखंडी सांगाड्याला, गंज लागू नये म्हणून काय करायचं. आणि हे मे महिन्यात बोलतोय, कारण जे करायचं ते मृग लागायच्या आत. लोखंड कोरडंठाक असताना.

पहिला प्रश्न पुण्यात हमखास येतो. अहो, आपल्याकडे कुठला आलाय एवढा गंज? समुद्र घाटाखाली, आणि पाऊस तरी किती पडतो? म्हणणं अगदीच चूक नाही. अमेरिकेत, कॅनडात हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात, तिकडच्या गाड्या खालून कुजतात. मोबाइलवर जे व्हिडिओ बघून तुम्ही घाबरता ते बहुतेक तिकडचेच. आपल्याकडे रस्त्यावर मीठ टाकत नाहीत. पण आपला ट्रक स्वतःच मिठाकडे जातो त्याचं काय? उरणच्या बंदराबाहेर कंटेनरसाठी रांगेत रात्र काढतो. ताम्हिणीतून कोकणात उतरतो, भर जुलैत. हर्णैची मासळी गणेश पेठेत आणतो तेव्हा वितळलेल्या बर्फाचं खारट पाणी हौद्याच्या फटीफटीतून चासीवर ठिबकत असतं. खताची पोती वाहिली तरी तेच, सांडलेलं खत कोपऱ्यात बसतं.

मिठाचं कसं असतं, घरातल्या मिठाच्या बरणीला पावसाळ्यात पाणी सुटतं ना, तसंच ते चासीच्या कोपऱ्यातही हवेतली ओल ओढून घेतं. म्हणजे पाऊस थांबला, गाडी घाट चढून देशावर आली, वरून सगळं वाळलं, तरी त्या कोपऱ्यात लोखंड ओलंच. शिवाय खारट पाण्यातून वीज सहज वाहते. गंज लागणं हा मुळात विजेचाच खेळ आहे, म्हणून मीठ मिळालं की त्याला जोर चढतो.

यातली एक उलटी गोष्ट मला स्वतःला कळायला बरीच वर्षं लागली. लोखंड, पाणी आणि हवा, तिन्ही असल्याशिवाय गंज नाही, हे शाळेत शिकलो. त्यावरून वाटतं, जिथे हवा जास्त तिथे गंज जास्त. प्रत्यक्षात चासीवर चिखलाचा गोळा चिकटलाय, त्याच्या बाजूला पत्रा उघडा आहे, आणि दोन्ही ओले आहेत, तर खड्डा पडतो तो चिखलाखाली. हवा मिळणारी जागा आणि हवा न मिळणारी जागा अशी बॅटरीसारखी दोन टोकं तयार होतात, आणि विरघळतं ते हवा कमी असलेलं टोक. म्हणून तर उघडा, पावसानं धुतला जाणारा चासीचा बाहेरचा भाग नुसता तांबूस होतो, आणि मडगार्डच्या ब्रॅकेटमागे, डिझेल टाकीच्या पट्ट्याखाली, कमानीच्या, म्हणजे चाकावरच्या पाट्यांच्या स्प्रिंगच्या, हँगरच्या वर, जिथे बोट जेमतेम जातं, तिथे पापुद्रे सुटतात.

दोन पट्ट्या एकावर एक रिव्हेटनं बसवल्यात अशी जागा तर गंजाची आवडती. गंज मूळ लोखंडाच्या निदान दुप्पट जागा घेतो. मधल्या फटीत तो फुगला की बाहेर यायला वाट नसते, मग रिव्हेट ताणतो, पट्टी वाकवतो. सात-आठ मिलिमीटर जाडीचं लोखंड लाटेसारखं उठलेलं मी पाहिलंय, तेही नुसत्या गंजानं. हातोडीच्या दांड्यानं चासीवर टकटक करा. निरोगी लोखंड ठण वाजतं, आत पोकळ झालेलं थप्प करतं. डॉक्टर पाठीवर बोटं वाजवतात त्यातलाच प्रकार.

तर नव्या ट्रकला गंज पहिल्यांदा कुठे धरतो? माझं उत्तर ऐकून बॉडी बांधणारे माझ्यावर रागावतात. आपल्याकडे बरेचसे ट्रक कंपनीतून केबिन आणि चासी एवढेच येतात, हौदा बाहेर शेडमध्ये बांधला जातो. कंपनीनं रंग नीट चढवून पाठवलेला असतो. शेडमध्ये त्यावर वेल्डिंगच्या ठिणग्या पडतात, साखळी घासते, टूलबॉक्ससाठी, वायरिंगसाठी भोकं पडतात. रंग जळाला तिथे कोणीतरी काळ्या रंगाचा एक फटका मारतं, आणि गाडी देवदर्शनाला. पुढच्या श्रावणात तेवढेच ठिपके लाल दिसतात, मोजून घ्या.

तेव्हा गाडी शेडमध्ये असतानाच तिथे जा. चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडू देऊ नका, त्याला कंपनीची मनाईच असते आणि ती गंजासाठी नाही, चासी तडकू नये म्हणून. जिथे भोक पडलंच तिथे कड कानसून घ्या. धारदार कडेवर रंग टिकत नाही, वाळताना तो कडेवरून मागे सरतो आणि कडेला नुसता पापुद्रा उरतो. म्हणून कडांना, वेल्डिंगच्या रेघेला आधी ब्रशनं वेगळा हात द्यायचा आणि मग सगळीकडे फवारा. रेड ऑक्साईड मारलं म्हणजे झालं असं समजू नका. ते अस्तर आहे, अस्तरावर कोट हवाच. त्यापेक्षा जस्त असलेला प्रायमर मिळाला तर घ्या. जस्ताचा स्वभाव असा, की ओरखडा पडला तर आधी स्वतः झिजतं, लोखंडाला हात लागू देत नाही. जस्ती बादली विहिरीच्या काठावर आपटत, चरे पडत वर्षानुवर्षं टिकायची ती यामुळेच. आणि हौदा आणि चासी यांच्यामध्ये जी लाकडी पट्टी घालतात ती बसवायच्या आधी चारही बाजूंनी रंगवून घ्या. कोरं लाकूड पाणी पितं आणि तीन महिने चासीला पाजत राहतं.

आता येतो कोटिंगकडे. इथे मला माझ्या मेव्हण्याची गोष्ट सांगावी लागेल. शिरूरला असतो. सहा वर्षांपूर्वी नवा ट्रक घेतला आणि एका ठिकाणाहून खालून डांबरासारखं काळं, जाड रबरी कोटिंग मारून आणलं. मला म्हणाला, ‘दाजी, लाइफटाइम आहे म्हणाला.’ दिसत होतं झकास, नव्या टायरसारखं. मीही वाकून न बघता मान डोलावली. खरं तर तेव्हा विचारायला हवं होतं, की मारायच्या आधी गाडी धुतली का, आणि धुऊन वाळू दिली का. भर पावसाळ्यात सकाळी गाडी नेली आणि दुपारी परत आणली होती म्हणजे उत्तर उघड होतं. तीन वर्षांनी कमान बदलायला गाडी माझ्याकडे आली. पान्याचा धक्का लागला आणि तळहाताएवढा काळा तुकडा खाली पडला, आतल्या बाजूला गंजाची खपली चिकटलेली. ओल आत कोंडली गेली होती. कोटिंग नसतं तर गंज दिसला तरी असता.

म्हणून माझं मत असं, आणि ते सगळ्यांना पटत नाही. जाड रबरी थर फक्त जिथे चाकानं उडवलेली खडी लागते तिथे, म्हणजे मडगार्डच्या आत, केबिनच्या तळाला. चासीला, क्रॉस मेंबरला, सांध्यांना कधीच न वाळणारा, मेणाचा किंवा लोकरीच्या तेलाचा पातळ थर. लॅनोलिन म्हणतात त्याला. मेंढीच्या लोकरीत जी चिकट चरबी असते ना, तीच काढून शुद्ध केलेली. धनगर भर पावसात मेंढरं घेऊन उघड्यावर फिरतो, मेंढीनं अंगावरचं पाणी झटकलं की झालं, ते या चरबीमुळेच. हा थर मऊ असतो, तडकत नाही. दोन पट्ट्यांच्या फटीत तो आपोआप सरकत जातो, जिथे ब्रश पोचत नाही तिथे. तोटा एवढाच, की तो धुपतो. दरवर्षी मेमध्ये गाडी धुवायची, दोन दिवस उन्हात उभी करायची आणि पुन्हा मारायचा. लाइफटाइम वगैरे काही नाही.

मग लोक विचारतात, मिस्त्री, जळकं ऑइल फुकट मिळतं, ते मारलं तर? माझे उस्ताद तेच मारायचे, दर दसऱ्याला, खंडेनवमीची पूजा झाली की. त्यांच्याविषयी मनात आदर ठेवून सांगतो, नका मारू. इंजिनात जळून आलेल्या ऑइलमध्ये आम्लं असतात. त्यावर धूळ बसून जो थर होतो तो मगाशी सांगितलेल्या चिखलाच्या गोळ्याचंच काम करतो. रबरी बुश फुगतात, ब्रेकच्या लायनिंगला लागलं तर घाटात काय होईल ते सांगायला नको. आणि पहिल्या पावसात ते सगळं ओढ्यानाल्यातून पवनेत, मुठेत. डिझेलचा फवारा मारतात काही वॉशिंग सेंटरवर, त्यालाही माझा नकार. डिझेलचा थर टिकत नाही, रबराचं नुकसान तेवढं मागे ठेवतं.

कोटिंग मारणाऱ्यावर मात्र उभं राहून लक्ष ठेवा. सायलेन्सर आणि त्याच्या आसपास अजिबात नको. बीएस-६ गाडीत, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या गाडीत, धुराचा फिल्टर स्वतःला साफ करायला लागला की तो भाग भट्टीसारखा तापतो. ब्रेक ड्रम, प्रोपेलर शाफ्ट, एबीएसचे सेन्सर, ग्रीसचे निपल, गिअरबॉक्स आणि ॲक्सलच्या हाउसिंगचे ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर जायची तोंडं, हे सगळं कागद आणि टेप लावून झाकायचं. चासीला खाली पाणी निघायची भोकं असतात, ती बुजली तर सगळी मेहनत उलटी. कमानीच्या पाट्यांमध्ये हे कोटिंग नको, तिथे ग्रॅफाइटचं ग्रीस.

आणि चासी नंबर! उजव्या पट्टीवर ठोकलेला असतो. त्यावर जाड काळा थर बसला, की पासिंगला, म्हणजे आरटीओच्या तपासणीला, उभे राहिल्यावर साहेब छाप घ्यायला येतात आणि मालक खरवडायला पान्याची टोकं शोधतो. नव्या गाडीचं पासिंग पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. दर वेळी खरवडणार का? नंबरवर नुसता ग्रीसचा हात पुरे.

गाडी घेऊन वर्ष-दोन वर्षं झाली आणि गंज दिसायला लागलाच असेल तर? तारेच्या ब्रशनं सुटे पापुद्रे काढा आणि मग गंज काळा करणारं कन्व्हर्टर लावा. त्यात बहुधा टॅनिक आम्ल असतं. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात आपले लोक हिरडा गोळा करतात, त्या हिरड्यात हेच टॅनिन. पूर्वी हिरडा आणि हिराकस मिसळून काळी शाई करत, हिराकस म्हणजे लोहाचाच क्षार. तुमच्या चासीवर तांबूस गंज काळा पडतो ती तीच शाई समजा. पण लोखंडाचा पत्रा कुजून पातळ झाला असेल तर शाई लावून काही होत नाही, तिथे माणसाला दाखवा.

वेळ होत आली. एक राहिलं, ते खालचं नाही, आतलं. एअर ब्रेकच्या टाकीत हवेबरोबर पाणी साठतं, टाकी आतून गंजते आणि तो गंज व्हॉल्व्हपर्यंत जातो. टाकीखाली ड्रेन कॉक असतो. बरेच ड्रायव्हर भाऊ तो महिनोन्महिने उघडत नाहीत. उद्या सकाळी गाडी काढायच्या आधी उघडा. फुस्स करून आधी पाणी येईल, मग कोरडी हवा. पाण्याबरोबर ऑइलही दिसलं तर कॉम्प्रेसर बघायला लागेल, त्याबद्दल पुन्हा कधीतरी. नमस्कार.