आधी लाकूड बघा

बोलायला सुरुवात करण्याआधी एक काम उरकून घेतो. हा पेला, त्यात साधं नळाचं पाणी, आणि माझ्या चिमटीत हे जे काळपट, कुरकुरीत चिपाड दिसतंय ते मी त्यात टाकतोय. गेल्या पावसाळ्यात उंबराच्या एका पडलेल्या फांदीवरून काढलं होतं. तेव्हापासून माझ्या टेबलाच्या खणात, जुन्या पेनांच्या गर्दीत पडून होतं. पुढच्या रांगेतल्या मुलांनी त्याच्यावर नजर ठेवायची. शेवटी बघू काय होतंय ते.

आता विषय. पत्रिकेत ‘लाकडावरची रानअळंबी’ असं छापल्यापासून मला चार फोन आले आणि चौघांचा प्रश्न एकच: “सर, खायची कुठली ते सांगणार ना?” नाही सांगणार. का ते पुढे येईलच. मला सांगायचंय ते शोधण्याबद्दल, आणि त्यातही अळंबीपेक्षा लाकडाबद्दल जास्त.

सुरुवातीला मी आंबोलीच्या जंगलात जायचो तेव्हा मान खाली घालून पालापाचोळा चाळत बसायचो. दिवसभर फिरून जळवांना रक्त दिलं, एवढीच कमाई. एकदा पावसाची उघडीप होती, आणि मोळीसाठी लाकडं गोळा करणाऱ्या एक मावशी त्याच वाटेवर होत्या. त्या काठी उचलायच्या, हातात तोलायच्या, नखानं साल खरवडायच्या. बरी वाटली तर मोळीत, नाहीतर “ह्यां कुसलां” म्हणून बाजूला. मी सहज त्यांनी टाकलेली एक काठी उचलली. खालच्या अंगाला नखाएवढ्या पांढुरक्या पंख्यांची रांगच्या रांग! दुसरी उचलली, तिच्यावर नारिंगी कातड्यासारखे तुकडे. तिसरीवर पिवळसर देठाची, वरून कॉफीच्या रंगाची वलयं असलेली नरसाळी. मावशींच्या नकाराच्या मागे मागे मी तासभर चाललो, आणि त्या दिवशी माझी वही पहिल्यांदा भरली.

मावशी नेमकं काय तोलत होत्या? लाकूड म्हणजे ढोबळमानानं दोन गोष्टी: सेल्युलोजचे धागे, आणि त्यांना घट्ट बांधून ठेवणारं लिग्निन. स्लॅबमधल्या सळ्या आणि काँक्रीट समजा. हे लिग्निन पचवणं भल्याभल्यांना जमत नाही. ते पूर्ण मोडून काढण्याचं काम जगात मुख्यतः बुरशी करते, आणि तीही बुरशीतले ठरावीक गटच. लिग्निन आणि सेल्युलोज दोन्ही खाल्लं गेलं की लाकूड फिकट, तंतुमय आणि हलकं होतं. ती पांढरी कूज. काही बुरशी सेल्युलोज खातात आणि लिग्निन जवळजवळ तसंच सोडून देतात. मग उरतं ते तपकिरी, चौकोनी भेगा पडलेलं, बोटानं चुरलं तर भुकटी होणारं लाकूड. ही दुसरी कूज हिमालयात देवदार-चिडाच्या जंगलात भरपूर दिसते. आपल्या सह्याद्रीत रुंद पानांची झाडं, त्यामुळे पांढऱ्या कुजीचं राज्य. वजन गेलेलं लाकूड चुलीत टिकत नाही, हे मावशींना ठाऊक होतं. माझ्यासाठी त्याचा अर्थ एवढाच, की आत कुणीतरी जेवायला बसलंय.

कारण आपण जिला अळंबी म्हणतो ती नुसतं फळ. खरी बुरशी लाकडाच्या आत, केसाहून बारीक धाग्यांच्या जाळ्यासारखी पसरलेली असते. वर्षानुवर्षं ती दिसत नाही, आणि पाऊस लागला की चार दिवस बाहेर डोकावते. सुतारकाम करणाऱ्यांना विचारा. जुना कुजका ओंडका कापला की आत काळ्या, पेन्सिलीनं काढल्यासारख्या वाकड्यातिकड्या रेघा दिसतात, तालुक्यांच्या नकाशासारख्या. ते खरोखर नकाशेच असतात. एका ओंडक्यात चार-पाच बुरशा शिरतात, एकाच जातीच्या दोन वेगळ्या बुरशासुद्धा असतात, आणि जिथे त्या एकमेकींना भिडतात तिथे काळ्या भिंती घालतात. आपल्याकडे असलं लाकूड फेकून देतात. परदेशात याच रेघांसाठी त्याचे वाडगे कोरतात आणि चांगल्या किमतीला विकतात!

तर सांगतो, मी आता कसा बघतो. आधी झाड कुठलं, हा प्रश्न. पांगारा, सावर, उंबर ही मऊ लाकडं लवकर हार मानतात. ऐन, किंजळ टिकतात, मग त्यांच्यावर येणारी मंडळीही कडक, लाकडासारखी. मग झाड उभं की आडवं? कडक छत्र्या, म्हणजे खोडाला फळीसारख्या चिकटलेल्या, या बाबतीत फार प्रामाणिक असतात. त्यांच्या खालच्या बाजूच्या छिद्रांतून बीजाणू, म्हणजे बुरशीचं धुळीसारखं बी, सरळ खाली पडायला हवेत, म्हणून ती बाजू त्या कायम जमिनीकडे ठेवतात. झाड उभं असताना आलेली फळी झाड कोसळल्यावर उभी राहते, अगदी भिंतीत खोचलेल्या ताटासारखी. पण बुरशी जिवंत असली तर नवीन वाढ पुन्हा आडवी होते, जुन्या फळीला काटकोनात. हे एकदा डोळ्यांत बसलं की पडलेलं झाड बघून सांगता येतं: हे आधी आजारी होतं, मग पडलं, आणि पडूनही बरेच पावसाळे झालेत.

असल्या फळ्यांमध्ये गॅनोडर्मा सगळ्यात ओळखीचा. वरून तपकिरी, खालून पांढरा, आणि खालच्या पांढऱ्यावर काडीनं ओढलं तर लगेच तपकिरी रेघ उमटते. लोक त्याच्यावर चित्रं काढतात. आजूबाजूच्या पानांवर कोको पावडर शिंपडल्यासारखी धूळ दिसली तर वर बघा, हा असणार. एका मोठ्या छत्रातून दिवसाला सुमारे ३० अब्ज बीजाणू सुटतात, असा हिशेब मांडलेला आहे. बागायतदारांना मात्र याचं कौतुक नको. माडाच्या बुंध्याशी हा आला तर झाड गेल्यात जमा. तमिळनाडूत त्या रोगाला तंजावरचं नाव पडलंय.

फणसाच्या खोडावर अशीच एक कडक, लाकडी अळंबी येते, फेलिनस गटातली. तिला कोकणात फणसांबा म्हणतात, कुणी फणसअळंबं म्हणतं. लाळ फार गळत असली तर ती पाण्यात उगाळून हिरड्यांना लावायची जुनी पद्धत आहे आणि काष्ठौषधींच्या दुकानात ती विकतही मिळते. यावर हसणाऱ्यांना मी आल्प्सच्या बर्फात १९९१ साली सापडलेल्या त्या ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाची गोष्ट सांगतो. त्याच्याजवळ लाकडावरच्या दोन वेगवेगळ्या अळंब्या होत्या. एक विस्तव पेटवायची, आणि दुसरीचे दोन तुकडे कातड्याच्या वादीत ओवलेले, बहुधा औषधाचे. म्हणजे ही सवय आपल्या आज्जीपेक्षा बरीच जुनी आहे.

वेळेचं म्हणाल तर मी नक्षत्रांवर चालतो. वळवाच्या एक-दोन सरी झाल्या की शायझोफायलम जागी होते. मघाच्या काठीवरचे पांढुरके केसाळ पंखे म्हणजे हीच. खालच्या पात्या मधोमध चिरलेल्या असतात. कोरडं पडलं की त्या आत वळून मिटतात, पाणी लागलं की उघडतात. मणिपुरात हिला कांगलायेन म्हणतात आणि आवडीनं खातात. आपल्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. आर्द्रा लागली की पडक्या डहाळ्यांवर शेंदरी पेले दिसू लागतात, कुकेयना नावाचे, पाणी भरलेले, काठाला बारीक केस. पुनर्वसू-पुष्यात मऊ जाती येतात, त्यांत रानटी धिंगरी, म्हणजे ऑयस्टर मशरूमसुद्धा. आणि सगळ्या मोसमात, गुडघे टेकायची तयारी असेल तर, सायाथस, अंडी घातलेल्या घरट्यासारखी दिसणारी अळंबी. चिमणीच्या घरट्याएवढाही नाही, मसुराच्या दोन-चार दाण्यांएवढा वाडगा, आत करड्या गोट्या. ती अंडी म्हणजे बीजाणूंच्या पुड्या. पावसाचा टपोरा थेंब वाडग्यात नेमका पडला की गोटी उडते, हातभर लांब जाऊन पडते. हे बघायला मी एकदा इरलं घेऊन पाऊण तास उकिडवा बसलो होतो. दोन उडाल्या. घरी कुणाला सांगितलं नाही.

रात्रीचंही थोडं. भीमाशंकरच्या आणि म्हादईच्या जंगलात ऐन पावसात कुजकी लाकडं हिरवट उजळतात, ते बुरशीचंच काम. विजेरी बंद करून पंधरा-वीस मिनिटं गप्प उभं राहावं लागतं, तेव्हा डोळे सरावतात. फोटोतला भडक हिरवा रंग अपेक्षून जाऊ नका. डोळ्यांना तो चांदण्यासारखा फिका दिसतो. आणि लाकूड उचलून घरी आणू नका. अभयारण्यातून परवानगीशिवाय काही काढता येत नाहीच, शिवाय वाळलं की ते विझतं.

बाहेर, जिथे काढायला हरकत नाही तिथे, कागदी पिशवी न्या. प्लॅस्टिकमध्ये घामेजून दोन तासांत लगदा होतो, हे मी एका फार चांगल्या दिवसाची माती करून शिकलोय. कुठल्या लाकडावर होती ते तिथेच लिहा, लाकडाचा टवका सोबत ठेवा. घरी आल्यावर टोपी अर्धी काळ्या, अर्ध्या पांढऱ्या कागदावर पालथी घालून वर वाटी झाका. सकाळी बीजाणूंची छापील रांगोळी मिळते, आणि तिचा रंग ओळखीला फार उपयोगी पडतो.

आता खाण्याचं. वारुळावरची अळंबी, गोव्यात जिला रोणावरची ओळमी म्हणतात, ती लोक पिढ्यान्‌पिढ्या खातात. खरं तर तीसुद्धा लाकडावरचीच म्हणायची: वाळवी लाकूड-पाला गोळा करून वारुळात बुरशीची बाग लावते, आणि तिला न पचणारं ही बुरशी पचवून देते. पण ती ओळखणारे डोळे त्या गावचे असतात, माझ्या व्याख्यानातून ते तुम्हाला मिळणार नाहीत. लसूण काळी पडली तर विषारी, चांदीचं नाणं टाकून बघा, किडे खातात म्हणजे चांगली, हे सगळं विसरा. ज्या विषानं यकृत जातं त्याचा लसणीशी संबंध नाही, ते शिजवून मरत नाही, आणि त्याची लक्षणं सहा-आठ तासांनी, कधी त्याहूनही उशिरा सुरू होतात. मधे उलट्या थांबून माणूस बरा वाटतो आणि घरचे निर्धास्त होतात. तो दिवस सगळ्यात घातक.

ओळख पक्की असली तरी? जपानमध्ये देवदारासारख्या झाडांच्या कुजक्या बुंध्यांवर एक शुभ्र, धिंगरीसारखी अळंबी येते. लोक ती वर्षानुवर्षं गोळा करून खात होते. २००४ च्या शरदात ५९ जण आजारी पडले, त्यांतले १७ गेले. बहुतेकांना आधीपासून मूत्रपिंडाचा विकार होता. अळंबी ओळखण्यात कुणाचीच चूक झाली नव्हती. म्हणून चौघांनाही मी फोनवर म्हणालो, धिंगरी खायचीय तर भाताच्या पेंढ्यावर वाढवलेली बाजारात मिळते, छान लागते, मी स्वतः तीच आणतो.

एक तक्रार करून घेतो. हल्ली कुठल्याही टेकडीवर स्वच्छता मोहीम निघाली की बाटल्या-रॅपरबरोबर पडलेली खोडंसुद्धा उचलली जातात, रचून पेटवतात, फोटो काढतात. आमच्या भागातल्या एका देवराईत दोन हातांच्या कवेत न मावणारा एक ओंडका होता. मी त्याच्याकडे नऊ पावसाळे जात होतो आणि वहीत त्याच्या नावानं ४१ नोंदी होत्या. दहाव्या वर्षी गेलो तर तिथे सिमेंटचा बाक. बाकावर बसलो थोडा वेळ, काय करणार! दोन वर्षांनी बाकाशेजारच्या लाकडी कुंपणावर पिवळ्या, जेलीसारख्या चिमुकल्या पळ्या आलेल्या दिसल्या. डॅक्रायोपिनॅक्स. बेचाळीसावी नोंद मी कुंपणाच्या नावानं केली.

बरं, पेल्याचं काय झालं? आण रे इकडे. बघा, चिपाड राहिलंय का? मऊ, तपकिरी, कडेला चुणी पडलेला कान झालाय, आणि ही मागची बाजू मखमली लागते बोटाला. ऑरिक्युलेरिया म्हणतात याला. हा मेलेला नव्हता, वाळला होता. रात्रभर ओल्या कागदावर ठेवलात तर सकाळी बीजाणू टाकायलाही लागेल. हातोहात मागच्या रांगेपर्यंत जाऊ द्या, फक्त दाबू नका, आणि परत माझ्याकडेच येऊ द्या. मला तो पुन्हा वाळवून खणात ठेवायचाय.