रिकामी गादी आणि दारूच्या मडक्यातला दोर

नमस्कार मंडळी! टॉवर ऑफ लंडन, म्हणजे लंडनचा तो तुरुंगवाला किल्ला, त्याच्या व्हिडिओखाली सगळ्यांचा एकच प्रश्न: दोरावरून पळालेला तो बिशप, म्हणजे चर्चचा मोठा अधिकारी, कोण? तर रानुल्फ फ्लँबार्ड. फ्रान्सच्या उत्तरेकडच्या नॉर्मंडीतल्या एका पाद्र्याचा पोरगा, इंग्लंडच्या राजा विल्यम रूफसचा वसुलीवाला, 1099 पासून इंग्लंडमधल्याच डरहॅमचा बिशप. झालं चरित्र.

खरी गोम पुढे आहे. बिशप मेला की राजाला पैसा मिळायचा, असं मी म्हटलं, तर तुमचा प्रश्न: ‘बिशप मेला की राजाला पैसा कसा?’ अहो, बिशपकडे नुसतं चर्च नसायचं, गावंच्या गावं असायची. बिशप गेला की नवा येईपर्यंत तिथली वसुली राजाची. मग नवा नेमायची घाई कुणाला?

नाही कळलं? कँटरबरी घ्या, इंग्लंडमधली चर्चची सगळ्यात मोठी गादी. आर्चबिशप लॅनफ्रँक वारले 1089 मध्ये, ॲन्सेल्म आले 1093 मध्ये. मधली चार वर्षं प्रार्थना चालू, घंटा चालू, पैसा राजाकडे. हे सगळं बघणारा माणूस म्हणजे आपला फ्लँबार्ड.

‘म्हणजे बिशपचा पगार वाचला ना दादा?’ नाही हो! आमच्या शाळेत हेडमास्तरांची जागा तीन वर्षं रिकामी होती, तेव्हा पगार वाचला. त्या रिकाम्या खुर्चीतून कुणाच्या घरी धान्य नाही आलं. इथे येत होतं! वाचणं वेगळं, येणं वेगळं. आता परत विचारू नका. आणि डरहॅमची गादी? याला मिळायच्या आधी तीन वर्षं तीही रिकामीच होती.

एकाने लिहिलंय, ‘सरळ चोर म्हणा की.’ म्हणा. 1094 मध्ये हेस्टिंग्जला सैन्य जमवलं, लोकांनी खर्चाला आणलेले माणशी 10 शिलिंग काढून घेतले आणि सगळ्यांना घरी पाठवलं!

1100 मध्ये शिकारीत बाण लागून रूफस मेला. नवा राजा पहिला हेन्री, त्याने याला टॉवरमध्ये टाकलं. फेब्रुवारी 1101: दारूच्या मडक्यातून दोर आत आला, पहारेकरी पिऊन आडवे, हा खिडकीतून खाली. ऑर्डेरिक नावाचा त्या काळातला साधू लिहितो, गडी हातमोजे विसरला आणि तळहात सोलून निघाले. बिशपची काठी मात्र घेतली हं बरोबर!

मग नॉर्मंडी, तिथल्या ड्यूकला, म्हणजे तिथल्या सत्ताधाऱ्याला, हाताशी धरून इंग्लंडवर स्वारी, हेन्रीशी तह, आणि परत डरहॅम. तिथे कॅथीड्रलचं बांधकाम पुढे रेटलं, पूल बांधला. 1128 मध्ये वारला. पुढचा बिशप आला 1133 मध्ये. मधल्या पाच वर्षांची वसुली कुठे गेली, ते आता तुम्हीच लिहा कॉमेंटमध्ये.