रुमाल, दर्पण आणि तारेवरची कार्डं

ही गाठ बघा. नखानं हळूच सोडवावी लागते, ओढली की कापड फाटतं. दफ्तरात ह्या कापडाला रुमाल म्हणतात आणि त्यात बांधलेल्या गठ्ठ्यालाही रुमालच. पुण्याच्या पेशवे दफ्तरात, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराचे जुने कागद ठेवलेत तिथं, असे हजारो रुमाल आहेत, कागद मोजायला गेलात तर आकडा कोटींत जातो.

आता जवळून बघा. आधी आख्खी रेघ ओढलीये, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मग तिला अक्षरं टांगलीयेत. ही मोडी लिपी. बोरू फारसा उचलायचाच नाही, शब्द सुटा करायचा नाही, पूर्णविराम तर नाहीच, म्हणजे वाचणाऱ्यानंच ठरवायचं कुठे थांबायचं ते. ही मुलगी सहा महिने मोडी शिकलीये, आणि सकाळपासून ती तारखेवरच अडकलीये. कारण तारीख अशी आहे: इहिदे सितैन मया व अलफ. हे अरबी आकडे आहेत: एक, साठ, शंभर, हजार. उलटं जोडायचं, झाले ११६१. हा सुहूर सन, म्हणजे त्या काळी दफ्तरात चालणारी कालगणना, त्यात ६०० मिळवले की आपलं इसवी सन, जानेवारी ते मृगाच्या आधीचा कागद असेल तर. १७६१. पानिपतचं साल. लाख बांगडी फुटली म्हणतात ती याच वर्षी.

१८१८ ला पेशवाई गेली आणि हे सगळे कागद इंग्रजांच्या ताब्यात आले. त्यांनी ते जपले पण ते काही इतिहासाच्या प्रेमानं नाही हो, कुणाची जमीन इनाम आहे आणि कुणाला सारा लावता येईल हे त्यांना बघायचं होतं. इनाम कमिशन बसलं, हजारो इनामं गेली. पुढे इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी १९३० ते १९३४ मध्ये निवडक कागदांचे ४५ खंड छापले. पंचेचाळीस! तरी ढीग तिथंच आहे.

हे दर्पण, जुनं वर्तमानपत्र. ६ जानेवारी १८३२, मुंबई, बाळशास्त्री जांभेकर. पानाचे दोन उभे भाग, एकात मराठी एकात इंग्रजी, एकच मजकूर शेजारीशेजारी. वर्गणी तिमाही सहा रुपये, त्या काळी ही रक्कम गरिबाच्या आवाक्यातली नव्हतीच, त्यामुळे यात गावातल्या कुणब्याचा आवाज शोधाल तर सापडणार नाही.

तो सापडतो इथं. कोकणातलं घर, माजघराची खुंटी, खुंटीला आकडा केलेली तार आणि तारेत ओवलेली पोस्टकार्डं. सगळ्यांच्या मधोमध एकेक भोक. आपल्याकडे पोस्टकार्ड आलं १ जुलै १८७९ ला, किंमत पाव आणा, आणि त्यानंतर पत्र लिहिणं ही कारकुनाची मिरासदारी राहिली नाही, लिहिता येत नसलं तरी कुणाकडून तरी लिहून घेता यायचं. वरती मधे श्री, मग ती. सौ. आईस शि. सा. न. (शिरसाष्टांग नमस्कार), आणि खालच्या कोपऱ्यात अक्षर इतकं बारीक की जागा संपली तरी गोष्ट संपलेली नाही हे दिसतंच. जवळपास प्रत्येक कार्डात मनीऑर्डर आहे, पोचली का ते कळव आहे, गणपतीला येतो आहे. पाठवणारा मुंबईत गिरणीत. मयताचं कार्ड तारेवर एकही नाही, कारण ते वाचलं की फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही, म्हणून या तारेवर फक्त जिवंत माणसं आहेत.

शेवटचं कार्ड १९८२ चं. १८ जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला होता, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, बरेचसे परत आत गेलेच नाहीत.

अशा तारा अजून कितीतरी घरांत आहेत, घर पाडताना त्या भंगारात जातात, कार्डं रद्दीत. घरात असेल तर आधी मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा, पोस्टाचा शिक्का दिसेल असे, त्या शिक्क्यातच गाव आणि तारीख असते.

पुण्यात संध्याकाळ झालीये. त्या मुलीचा आज अर्धा कागद वाचून झाला. चौथ्या ओळीतल्या एका शब्दाखाली तिनं वहीत प्रश्नचिन्ह केलंय, आणि रुमालाची चार टोकं परत एकत्र येतायत.