लंडी खाना नावाचं स्टेशन

मंडळी, ग्रुप कॅप्टन दिलीप परुळकर २०२५ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात आपल्याला सोडून गेले. त्यांचं नाव काढलं की लोक थेट रावळपिंडीच्या तुरुंगापाशी येतात. मीही येणार आहे, पण आधी १९६५ च्या युद्धाबद्दल दोन शब्द. हवाई दलात येऊन त्यांना जेमतेम अडीच वर्षं झाली होती. विमानाला शत्रूचा मारा लागला, उजवा खांदा जखमी झाला. लीडरने सुचवलं, विमान सोडून उडी मार. विमान चालवायची दांडी, म्हणजे स्टिक, उजव्याच हातात असते हो! तरी त्यांनी ते विमान तळावर आणून उतरवलं. त्याबद्दल वायुसेना पदक मिळालं.

१० डिसेंबर १९७१ ला मात्र इलाज चालला नाही. त्यांचं सुखोई-७ लढाऊ विमान पडलं, ते पॅराशूटने खाली आले आणि युद्धकैदी झाले. रावळपिंडीच्या छावणीत आपले बारा वैमानिक होते. युद्ध संपलं, पुढच्या जुलैत सिमला करारही झाला, पण सुटकेचं नाव नाही. आज ना उद्या सोडतीलच, मग जीव धोक्यात का घालायचा, असं कुणालाही वाटेल. परुळकरांना तसं वाटलं नाही, आणि मला त्यांचं हेच फार मोठं वाटतं. कैद झाली म्हणून आपली नोकरी थांबली, असं त्यांनी मानलंच नाही.

तुरुंगातून निसटण्याची तयारी बघा. जी-सूट म्हणजे वेगात वळताना रक्त पायांत उतरू नये म्हणून वैमानिक घालतात तो पोशाख. त्यात हवेने फुगणाऱ्या रबरी पिशव्या असतात. त्या काढून पाणी न्यायची सोय केली. सुईला चुंबकत्व देऊन होकायंत्र बनवलं. नकाशा म्हणजे शाळेच्या ॲटलासमधलं फाडलेलं पान. आणि भिंत? ती हाताशी मिळेल त्या हत्याराने रात्री थोडी थोडी कोरायची. विटांमधला चुना-सिमेंट खरवडायचा, वीट सैल करायची, सकाळ व्हायच्या आत सगळं पुन्हा जागच्या जागी. एकदा सगळं जुळलं होतं, तर बाहेरचा गिलावा फुटेना. परत फिरावं लागलं. त्या रात्री भोकापासून मागे सरकून पुन्हा खाटेवर जाऊन पडताना काय वाटलं असेल!

शेवटी १२ ऑगस्ट १९७२ ची शनिवारची रात्र आली. वादळी हवा होती. परुळकर, मालविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी मध्यरात्रीनंतर भिंतीतून बाहेर पडले. रस्त्यावर सिनेमाचा शेवटचा खेळ सुटला होता, त्या गर्दीत मिसळले. बसने पेशावर, तिथून पुढे खैबर खिंडीच्या वाटेने लंडी कोतल. सकाळपर्यंत ते अफगाण सरहद्दीपासून चार-पाच मैलांवर होते.

आणि इथे नकाशाने दगा दिला. त्यावर पुढे लंडी खाना नावाचं स्टेशन दाखवलेलं. त्यांनी चौकशी केली, लंडी खान्याला कसं जायचं? खैबर रेल्वेचं ते स्टेशन १९२६ ला सुरू झालं आणि १९३२ मध्येच बंद पडलं होतं. चाळीस वर्षांत जिथे गाडी गेली नाही, तिथे जायचं कोण विचारणार? लोकांना संशय आला. बांगलादेश वेगळा झाल्यावर पाकिस्तानात अडकलेले बंगाली लोक त्या काळात याच वाटेने निसटत असत. हेही बंगालीच, असं ठरवून त्यांना तहसील कचेरीत नेलं. आपण पाकिस्तानी हवाई दलातले ख्रिस्ती कर्मचारी आहोत, असं यांनी सांगून पाहिलं, पण पटेना.

आता तिथले लोक गोळी घालतील अशी वेळ आली, तेव्हा परुळकरांचं डोकं किती शांत होतं पाहा. त्यांनी पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांच्या एडीसींना, म्हणजे त्यांच्या खास मदतनीस अधिकाऱ्यांना, फोन लावायला सांगितलं. हे एडीसी म्हणजे स्क्वाड्रन लीडर उस्मान, पूर्वी या कैद्यांच्याच छावणीचे प्रमुख. त्यांनी ओळख पटवली आणि तिघांचा जीव वाचला. शत्रूपक्षातल्या या माणसाचे उपकार विसरू नयेत, असं मला मनापासून वाटतं.

मागे राहिलेल्या नऊ जणांना त्यानंतरची कडक कैद सोसावी लागली. सगळ्यांनाच लायलपूरच्या (आताच्या फैसलाबादच्या) तुरुंगात हलवलं. या प्रयत्नासाठी परुळकरांना पुढे विशिष्ट सेवा पदक मिळालं, खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत त्यांनी कॅडेट घडवले. पण ते सगळं नंतरचं. १ डिसेंबर १९७२ ला वाघा सरहद्द ओलांडून ते आले, तेव्हा ते तिघे आणि मागे राहिलेले सोबती एकत्रच चालत आले.