शंभराच्या पटाआड राहिलेली कला

गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांतील गावांत तिची नाटके रात्र-रात्र चालतात. याच टापूत दंडार आणि खडी गंमत हे लोकनाट्यप्रकार आहेत, माडिया आदिवासींची रेला गीते आहेत. पश्चिमेला मेळघाटात कोरकू आदिवासींचे गदली-सुसून नृत्य आहे. झाडीपट्टीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. शाळेतल्या कलेच्या तासात मात्र यांपैकी फारच थोडे पोहोचते. तिथे बहुधा चित्रकलेची वही आणि पुढे कधीतरी द्यायची एलिमेंटरीची परीक्षा एवढेच असते.

धोरणाचा याला विरोध आहे, असे नाही. कलाशिक्षण दहावीपर्यंत सक्तीचे असावे, असे २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने सांगितले. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने त्यापुढे जाऊन स्थानिक कलावंतांना व कारागिरांना शाळेत शिकवण्यासाठी नेमावे आणि सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना अशा जाणकारांच्या हाताखाली काम करावे, असे सुचवले.

अडचण पटसंख्येची आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार सहावी ते आठवीचा पट शंभराहून अधिक असेल, तरच कलेसाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिक्षक, देणे बंधनकारक ठरते. गडचिरोलीतल्या भामरागड किंवा मेळघाटातल्या धारणी तालुक्यातल्या आडवळणाच्या शाळेत तीन वर्गांत मिळून शंभर मुले यायची कुठून? मग बहुसांस्कृतिकता स्नेहसंमेलनापुरती उरते: रंगीत पागोटे बांधून एक ‘आदिवासी नृत्य’ बसवले जाते, तेही अनेकदा ध्वनिफितीवर, आणि ज्या घरात खरा ढोल आहे त्या घरातल्या मुलाला कोणी काही विचारत नाही.

शाळा संकुलाची, म्हणजे जवळपासच्या शाळांचा एक गट करण्याची, तरतूद इथे उपयोगी पडू शकते. कलेचे शिक्षक अनेक शाळांत मिळून वापरावेत, असे २०२० च्या धोरणातच म्हटले आहे. तेव्हा पट एकेका शाळेचा न धरता संकुलाचा धरावा आणि दंडारीतल्या जाणत्या माणसाकडे पदवी नसली तरी त्याला मानधनावर नेमता यावे. वेळापत्रकही त्याच्या सोयीने हवे. दिवाळीनंतर तो रात्रभर रंगमंचावर असतो आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात. त्यामुळे धानाची रोवणी संपल्यापासून कापणी लागेपर्यंतचे आठवडेच दप्तराविनाच्या या दहा दिवसांसाठी राखून ठेवावे लागतील.