पाचोळ्यातून वर येणारं शेवळं

श्रोतेहो, नमस्कार.

मे सरताना वळवाची एखादी सर पडते आणि ठाणे, पालघर, रायगडच्या रानात पाचोळ्यातून जांभळट कोंब डोकावतात. ही शेवळं. कल्याण, कर्जत, पनवेलच्या बाजारात आदिवासी बाया त्यांच्या जुड्या घेऊन बसतात. या पट्ट्याबाहेर शेवळं फारशी कुणाला ठाऊक नाहीत, आणि नाव ऐकलेले पुष्कळ जण घसा खाजेल म्हणून वाटेला जात नाहीत. नीट निवडली तर ती खाजत नाहीत.

शेवळं सुरणाच्या कुळातली. शास्त्रीय नाव अमॉर्फोफॅलस कम्युटॅटस. आधी फूल येतं, पान मागाहून. ठिपकेदार देठ, त्यावर जांभळट-तपकिरी आवरण आणि आतून वर निघालेला लांब, निमुळता दांडा. सुरणाचं फूल बसकं असतं, त्याच्या माथ्यावर सुरकुतलेला गोळा असतो. सापकांद्याचं आवरण नागाच्या फण्यासारखं पुढे झुकतं. ते खायचं नाही. जरा जरी शंका असली तरी स्वतः खुडू नका, विकणाऱ्या बाईकडूनच घ्या. भाजीला मिटलेली शेवळं हवीत. उमललेल्या फुलाला किड्यांना बोलावणारी दुर्गंधी सुटते.

आता निवडणं. हाताला तेल लावा. बाहेरची पातळ पापुद्र्यासारखी पानं काढा, आवरण उकला. आतल्या दांड्याच्या तळाशी पिवळा, दाणेदार भाग दिसेल. ती खरी फुलं, आणि सगळ्यात जास्त खाजतो तो हाच भाग. तो पूर्ण कापून टाका. एखाद्या शेवळातला राहून गेला तरी अख्खी भाजी खाजते. उरलेलं बारीक चिरा. खाज येते ती कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे, आणि नुसतं उकडून ते जात नाहीत. म्हणून आंबट हवंच. याच दिवसांत काकडाच्या झाडाला हिरवी आंबट फळं येतात, ती शेवळाची जोडीदार. दोन जुड्यांना 10-12 काकडं ठेचा, बिया काढा, वाटीभर पाण्यात उकळून कोळ गाळा. काकडं नसतील तर चिंचेचा दाट कोळ. सढळ तेलात कांदा परता, मग शेवळं 10 मिनिटं, आळून काळसर होईपर्यंत. कोळ घाला आणि झाकण ठेवून मंद आचेवर 20 मिनिटं शिजवा. घाईने उतरवलेली भाजी हमखास खाजते. सोबत सोलले वाल, सोडे किंवा खिमा, आवडेल ते.

फूल खुडलं म्हणून कंद मरत नाही, पावसात त्याला पान येतंच. पण बी धरत नाही, आणि दरसाल सगळीच फुलं खुडली तर नवी रोपं यायची कुठून? म्हणून परसात लावा, रानातले कंद मात्र उपटू नका. ज्यांच्याकडे लागवड आहे त्यांच्याकडून कंद घ्या. मेअखेरीस झाडाच्या विरळ सावलीत बोटभर खोल लावा. दोन भाग माती, एक भाग पालापाचोळ्याचं खत, एक भाग वाळू. कुंडी 12 इंची. कंद लहान असेल तर फूल न येता फक्त छत्रीसारखं एकच पान येईल. ते कापू नका. त्याच पानाच्या जोरावर जुन्या कंदाच्या जागी नवा, मोठा कंद धरतो. पावसाळा संपल्यावर पान पिवळं पडून गळतं. झाड मेलं समजून पुष्कळ जण तेव्हा पाणी वाढवतात आणि कंद कुजवतात. पान गळालं की पाणी बंद, कुंडी आडोशाला, ती थेट पुढच्या वळवापर्यंत.