टॉवरवर झाड असलेलं कोर्ट

वर बघा, अजून वर, एकदम टॉवरच्या टोकाला. हो, ते झाडच आहे.

हे अमेरिकेतलं ग्रीन्सबर्ग, इंडियाना. इंडियानापोलिसहून सिनसिनाटीला जाताना आय-74 हायवेवर साधारण अर्ध्या वाटेत लागणारं छोटं गाव, आणि गावाच्या मधोमध ही डेकॅटर काउंटीची कोर्टहाउस बिल्डिंग. बांधकाम 1854 ला सुरू झालं ते 1860 पर्यंत चाललं. आर्किटेक्ट एडविन मे, यानेच नंतर इंडियानाचं स्टेटहाउस, म्हणजे राज्याचं विधानभवन, डिझाइन केलं, पण खरं सांगू का, त्याच्यासाठी इथे कोणी येत नाही.

झालं असं की 1870 च्या सुमारास टॉवरवर, म्हणजे जमिनीपासून शंभर-एक फुटांवर, दगडांच्या फटीत एक रोपटं दिसलं. मग आणखी उगवली. 1880 च्या दशकात लोकांना टेन्शन आलं की ही मुळं छप्पर फोडणार, म्हणून उंचावर काम करणारा एक माणूस वर चढवला आणि झाडं काढली, पण सगळी नाही हं, दोन ठेवली! त्यातलं एक तर 15 फुटांच्या आसपास गेलं. ते मेलं तोवर दुसरं आलेलं, आणि हे असंच चालू आहे.

आपल्याकडे वाड्याच्या भिंतीत पिंपळ आला की घरमालकाची झोप उडते. इथे गावाने स्वतःला टॉवर ट्री सिटी म्हणवून घेतलंय, आता बोला.

झाड नेमकं कुठलं यावरही मजा आहे. बरीच वर्षं सगळे अ‍ॅस्पेन अ‍ॅस्पेन करत होते (पॉप्लरच्या कुळातलं झाड), स्मिथसोनियन या संग्रहालयं नि संशोधन चालवणाऱ्या संस्थेने तसं सांगितलेलं ना, नंतर पर्ड्यू युनिव्हर्सिटीच्या लोकांनी बघितलं तर निघाली तुती. मला हे जास्त पटतं, तुती पक्षी खातात आणि बिया कुठेही टाकतात, टॉवर काय नि कुंपण काय.

कोलंबस, इंडियाना इथून जवळच आहे, तिथे कमिन्स या इंजिन बनवणाऱ्या कंपनीत पुण्याहून आलेली बरीच मराठी मंडळी आहेत, तर तुमचं कोणी तिकडे असेल तर शनिवार-रविवारी सहज होईल. फक्त कोर्ट चालू असतं सोम ते शुक्र, त्यामुळे वीकेंडला बाहेरूनच बघायचं. आणि जायचं ते उन्हाळ्यात, थंडीत पानं गळतात मग वर नुसत्या काटक्या दिसतात आणि मुलं विचारतात, झाड कुठंय?